भाव कळवायला पक्कं, हिशेबाला कच्चं: मासळी विकणाऱ्या एका बचत गटाचं व्हॉट्सॲप प्रकरण

पार्श्वभूमी

सिंधुदुर्गात मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात अकरा बायकांचा मासळी विक्रीचा बचत गट आहे. रापणीची (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची) आणि गिलनेटच्या होड्यांची मासळी सकाळी लिलावात घ्यायची, साफ करून बर्फात भरायची आणि तीनचाकी टेम्पोने कुडाळच्या घराघरांत पोचवायची, असा हा धंदा. गावाचं नाव इथे दिलेलं नाही आणि ओळख पटू नये म्हणून काही आकडे व तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम तोच आहे.

सुरुवात एप्रिल २०२० मधली. टाळेबंदीत बाजार बंद होते, होड्या थोड्याफार येत होत्या आणि कुडाळातली ओळखीची घरं फोन करून मासे मागत होती. हिशेब पाहणाऱ्या सदस्येच्या, म्हणजे वयनींच्या, स्वतःच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर फोटो जाऊ लागले. चाळीसेक घरं होती ती चार वर्षांत साडेतीनशेच्या आसपास गेली. एवढं सगळं एका सदस्येच्या नावावरच्या एका सिमकार्डावर उभं होतं, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं.

या धंद्याला हे ॲप का मानवलं ते आधी पाहायला हवं. लिलाव सव्वासातला आटोपतो. साडेआठला टेम्पोची यादी बंद व्हावी लागते, नाहीतर कापणं, धुणं, बर्फ भरणं आणि रस्ता धरून दुपार होते. मधल्या सव्वा तासात आज काय मिळालं, किती मिळालं आणि काय भावाने, हे साडेतीनशे घरांना कळवून उत्तरं घ्यायची असतात. फोन करून ते होत नाही. एसएमएसमध्ये सरंग्याचा डोळा आणि कल्ले दिसत नाहीत. व्हॉट्सॲपवर फोटो दिसतो, लिहायचा कंटाळा असेल त्याला बोलून पाठवता येतं, पैसे लागत नाहीत आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक आधीच तिथे बसलेलं असतं. आजीलासुद्धा नातवाने ते शिकवलेलं असतं. दुसऱ्या कुठल्याही ॲपला हा शेवटचा गुण उसना आणता येत नाही.

अडचण कशी वाढत गेली

पहिली दोन वर्षं सगळे गिऱ्हाईक एकाच व्हॉट्सॲप गटात होते. २०२२ पर्यंत अशा गटाची मर्यादा २५६ सदस्यांची होती. त्या वर्षी ती आधी ५१२ आणि मग १,०२४ झाली, त्यामुळे जागेची अडचण आली नाही. आली ती दुसरीच. साध्या गटात प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. एका दुसऱ्या विक्रेत्याने नातेवाइकाच्या नावाने गटात शिरून सगळे नंबर उचलले आणि आठवड्याभरात त्याचे भाव त्याच घरांत पोचले. शिवाय ऑर्डरी उघड्यावर येत. एकीने ‘मला एक’ लिहिलं की खाली पाच जणींचं ‘मला पण’. एक काय, किलो की नग, सुरमई की बांगड्याचा वाटा, याचा पत्ता नाही. मध्येच सुप्रभातची फुलं.

त्यातच कधीतरी मासळीला फॉर्मेलिन (टिकवण्यासाठीचं विषारी रसायन) लावतात असा जुना व्हिडिओ फिरत आला. गोव्यात जुलै २०१८ मध्ये फॉर्मेलिनवरून खरोखर गदारोळ झाला होता, पण हा व्हिडिओ ना त्या वर्षाचा वाटत होता ना या किनाऱ्याचा. संदेशावर दुहेरी बाणासह ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण होती. एप्रिल २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच चॅटमध्ये पुढे ढकलता येतो. त्याने वेग कमी होतो, थांबत काही नाही. दोन दिवस विक्री निम्म्यावर आली. गटाकडे उत्तर होतं, कारण मासळी त्याच सकाळची होती आणि किलोला किलो बर्फ घातलेला होता. पण खुल्या गटात ते उत्तर चाळीस संदेशांच्या खाली गाडलं गेलं.

मग तो व्हॉट्सॲप गट बंद करून ब्रॉडकास्ट यादी केली, म्हणजे एकच संदेश प्रत्येकाला वेगवेगळा खाजगी जातो. इथे दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. एका यादीत २५६ च नंबर बसतात. आणि ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला नाही, त्याला ब्रॉडकास्ट पोचतच नाही. पाठवणाऱ्याला तशी सूचनाही येत नाही. पाठवलेल्या संदेशाच्या ‘माहिती’मध्ये जाऊन तो कुणाला पोचला ते पाहता येतं, पण सकाळच्या घाईत ते पाहणार कोण? दोन याद्या केल्या तरी साठ-सत्तर घरांना भाव जात नव्हता. त्या घरांचा समज असा की बायकांनी आपल्याला वगळलं.

ऑर्डर आता खाजगी चॅटमध्ये येऊ लागली, पण वेगळी वही केली नव्हती. चॅट हीच वही. उधारीही तिथेच: ‘हे पैसे शनिवारी’, खाली अंगठा, झालं. यातून उभे राहिलेले वाद नमुन्यादाखल:

गिऱ्हाइकाने सात पन्नासला ऑर्डर लिहिली, पण त्याच्याकडे रेंज नव्हती. ती गटाच्या फोनवर साडेनऊला पोचली. त्याच्या फोनवर वेळ सात पन्नासचीच दिसते. टेम्पो गेलेला. मग फोन: ‘गो वयनी, सकाळीच सांगितलंय ना एक किलो इसवण म्हणान, मगे माजी पिशवी खंय?’ बाई खोटं बोलत नव्हत्या आणि वयनीही नाही. पाठवताना त्यांनी टिक पाहिली असती, तर घड्याळाची खूण किंवा फार तर एकच टिक दिसली असती. एक टिक म्हणजे संदेश निघाला, पण समोरच्या फोनवर पोचलेला नाही.

दुसऱ्या एकाने एक किलोचा अर्धा किलो केला. मे २०२३ पासून पाठवलेला संदेश पंधरा मिनिटांच्या आत बदलता येतो. ‘संपादित’ अशी बारीक खूण राहते, पण आधी काय लिहिलं होतं ते दिसत नाही. मासा तोवर कापून झाला होता. सगळ्यांसाठी पुसून टाकायची मुभा तर सुमारे दोन दिवस असते.

तिसरा प्रकार सगळ्यांत महाग पडला आणि फार उशिरा ध्यानात आला. काही गिऱ्हाइकांनी आपल्या चॅटवर आपोआप नाहीसे होणारे संदेश चालू ठेवले होते. २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस अशी मुदत निवडता येते, आणि दोघांपैकी एकाने ती लावली की दोन्ही बाजूंचे संदेश जातात. त्या चॅटमध्ये लिहिलेली उधारी सातव्या दिवशी विरून जात होती. बदल केल्याची एक ओळ चॅटमध्ये येते खरी, पण ती वाचून तिचा अर्थ लावणारं तिथे कुणी नव्हतं.

नंबर गेला तो आठवडा

श्रावणात या धंद्याला ओहोटी असते. नंतर गणपती. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की महिनाभर आवरून धरलेल्या जिभा सुटतात आणि त्या आठवड्यातली विक्री एरवीच्या दुप्पट-अडीचपट जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये त्या आठवड्याची तयारी म्हणून सचिवांच्या कॉलेजातल्या मुलाने जुलैपासूनच एक उपाय केला होता. त्याने अधिकृत ॲप काढून प्ले स्टोअरबाहेरून ‘जीबी व्हॉट्सॲप’ घेतलं. त्यात याद्यांची मर्यादा मोठी, आपोआप उत्तर देण्याची सोय आणि समोरच्याने पुसलेले संदेशही दिसतात. वरच्या तिन्ही दुखण्यांवर एक औषध मिळालं असं त्याला वाटलं, आणि हेतू चांगलाच होता.

अशी बदललेली ॲपं वापरणं कंपनीच्या अटींविरुद्ध आहे. ती वापरणारं खातं सहसा आधी ठराविक मुदतीसाठी बंद होतं आणि पडद्यावर उलटं मोजणारं घड्याळ येतं. या गटाला तसं घड्याळ ऑगस्टमध्ये आलं होतं. काही तासांनी खातं पुन्हा सुरू झालं आणि सगळ्यांनी ‘नेटवर्कचा घोळ’ म्हणून सोडून दिलं. या सगळ्या प्रकरणातला निर्णयाचा पहिला आणि सगळ्यांत स्वस्त क्षण हा होता. त्या दिवशी अधिकृत ॲपवर परतले असते, तर पुढचं टळण्याची बरीच शक्यता होती.

विसर्जनानंतरच्या शनिवारी एका केटररकडून मिळालेल्या चारेकशे नंबरांना भावाचा संदेश गेला. या माणसांनी गटाचं नावही ऐकलेलं नव्हतं. अनोळखी नंबरवरून मासळीचा भाव आला की माणूस काय करतो? ब्लॉक, आणि वर ‘तक्रार करा’. थोड्या वेळात भरमसाट संदेश, त्यावर तक्रारी, आणि तेही अनधिकृत ॲपमधून. रविवारी सकाळी खातं कायमचं बंद. कंपनी भारतात दर महिन्याला लाखो खाती बंद करते. त्यात हा गट तिच्या यंत्रणेला उपद्रवी जाहिरातदारासारखाच दिसला असणार.

त्या क्षणी साठ किलो मासळी लिलावात घेऊन झाली होती. आलेल्या तीसेक ऑर्डरी बंद खात्यात अडकल्या. पुढच्या तासाभरात अध्यक्षांनी घेतलेला निर्णय मात्र लाखमोलाचा ठरला: फोनशी झटत बसायचं नाही. टेम्पोवाल्याकडे एक फाटकी वही होती. कुणाच्या दारात काय द्यायचं ते तो स्वतःच्या सोयीसाठी दोन वर्षं लिहीत आला होता. तिच्यातल्या नेहमीच्या चाळीस घरांना सिमवरून साधे फोन लावले. खातं बंद झालं तरी सिम बंद होत नाही, हे त्या गोंधळात आठवणं महत्त्वाचं होतं. निम्म्याहून जास्त माल तसा गेला. उरलेला स्थानिक व्यापाऱ्याला पडत्या भावाने दिला आणि त्या दिवशी सुमारे साडेचार हजारांचा तोटा झाला.

पुनर्विचाराचा अर्ज केला, तो दोन दिवसांनी नाकारला गेला. जुन्या अधिकृत ॲपचा बॅकअप गूगल खात्यात होता, पण तो जुलैतला, आणि तो उघडायलाही त्याच नंबरवर खातं चालू असावं लागतं. त्यानंतरचे संदेश जीबीच्या फोल्डरमध्ये, जे अधिकृत ॲप धड वाचत नाही. म्हणजे अडीच महिन्यांची उधारी, घरांची पाठवलेली लोकेशनं आणि कुणाला काटा चालत नाही वगैरे सगळं ज्ञान गेलं.

समोरचे पर्याय

बैठकीत पाच-सहा वाटा चर्चेला आल्या. नवा नंबर घेऊन पूर्वीसारखंच सुरू करायचं, ही वाट सगळ्यांत सोपी होती आणि म्हणूनच तिच्याकडे कल जास्त होता. हिशेब पाहणाऱ्या वयनींनी ती अडवली. कारण साधं होतं: नव्या नंबरवरून पहिल्याच दिवशी तीनशे जणांना संदेश गेले, तर तोही त्याच वाटेने जाईल.

टेलिग्रामची बाजू तांत्रिकदृष्ट्या भक्कम आहे. चॅनेलला (एकाने लिहायचं, बाकीच्यांनी वाचायचं) सदस्यांची मर्यादा नाही, गटात दोन लाख माणसं बसतात, नंबर झाकता येतो आणि संदेश त्यांच्या सर्व्हरवर असल्याने फोन बुडाला तरी सापडतात. बदल्यात, टेलिग्रामचे नेहमीचे चॅट टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतात, फक्त ‘सीक्रेट चॅट’ असतात. व्हॉट्सॲपवर ते संरक्षण एप्रिल २०१६ पासून खाजगी आणि गटातल्या सगळ्या संदेशांना आहे. मजकूर कंपनीला वाचता येत नाही, कोण कुणाशी कधी बोललं एवढं तिला कळतं. पण बांगड्याच्या भावात गुपित ते काय? टेलिग्राम मागे पडलं ते वेगळ्याच कारणाने. वीस नेहमीच्या घरांना विचारलं, तर चौघांकडे ते होतं. सिग्नल ॲपचं नाव निघालं तेव्हा ते एकाकडेही नव्हतं.

सामूहिक एसएमएससाठी ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या नमुन्याची आधी नोंदणी लागते. रोज बदलणारा मासा आणि भाव त्या साच्यात कसेबसे बसले असते, फोटो नाहीच. व्हॉट्सॲपची मोठ्या उद्योगांसाठीची सशुल्क सेवा सहसा मध्यस्थ कंपनीमार्फत घेतली जाते. त्या वेळी तिचं शुल्क संवादामागे होतं, जुलै २०२५ पासून ते संदेशामागे झालं. साडेतीनशे घरं, आठवड्याचे सहा दिवस, किलोमागे सुटणारे चाळीस-पन्नास रुपये, एवढा हिशेब मांडला आणि तो कागद बाजूला ठेवला.

राहिली व्हॉट्सॲपचीच मोफत साधनं, आणि खरी चर्चा इथे झाली. मुलाचं म्हणणं चॅनेल काढू: भारतात ते सप्टेंबर २०२३ पासून आहेत, एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, कितीही माणसं येतात. पण चॅनेलच्या सूचना मुळातच बंद असतात, त्या प्रत्येकाने आपण होऊन चालू कराव्या लागतात. दुपारी दोनला ‘अपडेट्स’ उघडून सकाळचा भाव पाहणारं गिऱ्हाईक काय कामाचं? पापड-कुळथाच्या पिठाला चॅनेल चालेल. सव्वा तासाच्या मालाला चालत नाही.

दुसरी सोय कम्युनिटीची, म्हणजे अनेक गट एका छत्राखाली आणण्याची. तिच्यातल्या घोषणांच्या गटात घोषणा फक्त ॲडमिन टाकतो, सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि सूचना नेहमीच्या संदेशासारखी वाजते. ठरलं ते असं: भाव कम्युनिटीच्या घोषणेत, ऑर्डर बिझनेस ॲपच्या खाजगी चॅटमध्ये, आणि हिशेब कागदाच्या वहीत.

काय केलं

नवं सिम घेतलं आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस सुरू केलं. हे जानेवारी २०१८ पासूनचं वेगळं मोफत ॲप आहे आणि साध्या ॲपसोबत एकाच फोनवर राहू शकतं, त्यामुळे सदस्येचा खाजगी नंबर यातून कायमचा सुटला. त्याच दिवशी टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन लावला आणि ईमेल जोडला. पिन विसरला आणि ईमेल नसेल, तर सात दिवस थांबावं लागतं. हंगामात सात दिवस म्हणजे काय, ते आता सांगावं लागत नव्हतं.

पुढचा प्रश्न विश्वासाचा. ‘आमचा नंबर बदलला आहे’ हा संदेश हल्ली भामटेच जास्त पाठवतात. सावध गिऱ्हाइकांनी तो उडवून लावला असता, आणि ते बरोबरच ठरलं असतं. म्हणून तीन गोष्टी केल्या. माहीत असलेल्या प्रत्येक घराला जुन्या सिमवरून फोन केला. टेम्पोवाल्याने पिशवीसोबत छापील चिठ्ठी दिली; तिच्यावर नवा नंबर आणि बिझनेस ॲप बनवून देतं तो क्यूआर, जो स्कॅन केला की थेट चॅट उघडते. पैसे घ्यायचा यूपीआय क्यूआर मात्र मुद्दाम जुनाच ठेवला आणि चिठ्ठीवर ठळक छापलं: ‘पैशाचा क्यूआर बदललेला नाही. बदलला असं कुणी कळवलं तर आधी फोन करा.’

चिठ्ठीवरचा क्यूआर स्कॅन करून गिऱ्हाइकाने ‘मासे’ एवढं लिहायचं होतं. पहिला संदेश त्याच्याकडून यावा, यासाठीच ही योजना. बोलणं त्याने सुरू केलं की नव्या नंबरवर अनोळखी पाठवणाऱ्याचा शिक्का बसत नाही, तक्रारीची शक्यता घटते आणि त्याची संमती लेखी राहते. उत्तरात कम्युनिटीची लिंक जायची, सामील होणं त्याच्या मर्जीवर. पहिल्या आठवड्यात दिवसाला वीस-पंचवीसच घरं आली. वेग कमी म्हणून कुरकुर झाली, पण तो मुद्दाम वाढवला नाही.

भावाच्या संदेशाचा साचा ठरवला. उदाहरणार्थ:

आज, मंगळवार. सुरमई (इसवण): अख्ख्या माशाचं वजन, किलोचा भाव. पापलेट: मध्यम, किलोला ५ ते ६ नग. बांगडे: १० नगांचा वाटा. ऑर्डर ८.३० पर्यंत. लिहायचं असं: मासा, किलो किंवा वाटे, अख्खा / तुकड्या / फक्त साफ.

‘अख्ख्या माशाचं वजन’ हे शब्द कापल्यावर भरणाऱ्या वजनावरून झालेल्या भांडणांतून आले. फोटो दोनच: एक जवळून डोळा आणि कल्ले, एक काट्यावर ठेवलेला. दोन्ही एचडी निवडून, कारण ॲप एरवी फोटो इतका दाबतं की ताज्या कल्ल्याचा लाल आणि शिळ्याचा विटकरी यांत फरक उरत नाही. बंदरावर रेंज कमी असली की एचडी फोटो अडकतो. तेव्हा मजकूर आधी सोडायचा, फोटो मागून.

ऑर्डर पक्की कधी? गटाकडून ‘नोंद क्र. १४, सुरमई १ किलो तुकड्या’ असं उत्तर गेलं की. उत्तरात ऑर्डर स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहायची. गिऱ्हाइकाने मागाहून आपला संदेश बदलला किंवा पुसला तरी गटाचा राहतो. नुसता अंगठा द्यायचा नाही. आठ वाजता एक सदस्या कालच्या नेहमीच्या घरांपैकी कुणाकडून काहीच आलं नाही ते पाहते आणि सात-आठ साधे फोन करते. हा जुन्या चालीचा भाग काढून टाकायची सूचना दोनदा आली आणि दोन्ही वेळा फेटाळली गेली. पाऊस कोसळत असताना कुडाळच्या अर्ध्या भागात डेटा चालत नाही, फोन लागतो.

नोंद क्रमांक वहीतला, ॲपमधला नव्हे. वहीत पाच रकाने: क्रमांक, नाव, माल, रक्कम, जमा/उधार. उधारीची ओळ वहीत नसेल तर ती उधारी नाही, असं ठरलं. ज्या चॅटवर नाहीसे होणारे संदेश चालू दिसतात, तिथे लेबल लावून ठेवायचं. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट मान्य नाही; जमा झाल्याचं बँकेच्या खात्यात पाहायचं. महिन्याच्या शेवटी उधारीच्या चॅट ‘एक्सपोर्ट’ करून ईमेलवर ठेवायच्या. फोटोंशिवाय काढल्या तर शेवटचे चाळीस हजार संदेश येतात, या कामाला ते पुष्कळ झाले.

बिझनेस ॲपमधल्या दोन गोष्टी उपयोगी ठरल्या. लेबलं, म्हणजे ‘नवी ऑर्डर’, ‘नोंद झाली’, ‘उधार’. आणि ‘/’ टाकून येणारी तयार उत्तरं. कॅटलॉग मात्र सोडून दिला; भाव रोज आणि कधी कधी तासाला बदलतो, मग कॅटलॉग सुधारत बसण्यातच सकाळ जाते. मुख्य फोनला आणखी चार उपकरणं जोडता येतात. इथे दोन फोन जोडले आणि काम वाटून घेतलं.

परिणाम

मे २०२५ मध्ये हंगाम संपला तेव्हा साडेतीनशेपैकी अडीचशेच्या वर घरं परतली होती आणि चाळीसेक नवी आली होती. हरवलेली उधारी बँकेचे उतारे, टेम्पोवाल्याची वही आणि गिऱ्हाइकांचा प्रामाणिकपणा यांवर जुळवली. अंदाजे तेवीस हजारांतले अठराच्या आसपास वसूल झाले. ऑर्डरीवरून होणारे वाद आठवड्याला चार-पाच होते, ते महिन्याला एक-दोनवर आले.

सगळं सुरळीत झालं असं नाही. जोडलेल्या दोन फोनवरून एकाच ऑर्डरीला दोघींनी उत्तर दिलं आणि एक सुरमई दोनदा विकली गेली, असं पहिल्या महिन्यात तीनदा झालं. मग नोंद क्रमांक फक्त वही जिच्या हातात तीच देईल असं ठरलं. त्याने वेग थोडा कमी झाला, घोळ थांबला.

मासेमारी बंदीच्या काळाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि गटाचा फोन कपाटात जातो. मुख्य फोन चौदा दिवसांहून जास्त न वापरल्यास जोडलेली उपकरणं आपोआप बाहेर पडतात. १२० दिवस वापर नसेल तर खातंच पुसलं जाऊ शकतं, आणि सिम ९० दिवस निपचित राहिलं तर नंबर काढून घेतला जाऊ शकतो. एकसष्ट दिवसांत शेवटच्या दोन मुदती भरत नाहीत, पण रिचार्ज संपून पुढे श्रावणही आला की फार अंतर उरत नाही. म्हणून २०२५ च्या पावसाळ्यात त्याच नंबरवर सुके बांगडे, गोलमो आणि सुकट विकायला घेतली. फोन जागा राहिला आणि चार पैसेही सुटले.

वेगळं काय करता आलं असतं

मुलाला दोष देणं सोपं आहे आणि गटातल्या काही जणींनी दिलाही. पण त्याच्याकडे जे दुखणं आलं, ते चार वर्षं जुनं होतं. चॅटला वही समजण्याची सवय २०२० मध्येच पडली. पन्नास घरं होईपर्यंत ती चालून गेली. शंभरीच्या आसपास कागदी वही सुरू व्हायला हवी होती, आणि तेव्हा तिचा खर्च चाळीस रुपये होता.

खुल्या गटातून थेट ब्रॉडकास्टवर उडी मारली, त्याऐवजी २०२२ च्या अखेरीला आलेली कम्युनिटी तेव्हाच वापरून पाहता आली असती. गटातल्या कुणाला ती असते हेच माहीत नव्हतं. ॲपमध्ये काय नवं आलं हे पाहण्याचं काम कुणाकडेच सोपवलेलं नव्हतं. लिलावात कोण जाणार, बर्फ कोण आणणार हे ठरलेलं असतं, तसं हेही ठरवायला हवं होतं.

चारशे अनोळखी नंबरांऐवजी ओळखीच्या साडेतीनशे घरांना ‘तुमच्या शेजारी सांगा’ म्हटलं असतं, तर गिऱ्हाईक हळू वाढलं असतं आणि खातं शाबूत राहिलं असतं. गणपतीनंतरच्या त्या आठवड्यात तर आहे त्या घरांनाच मासळी पुरत नव्हती. जाहिरातीची गरज होती का, हा प्रश्न त्या शनिवारी कुणी विचारलाच नाही.

एक गाठ अजून सुटलेली नाही. नवं सिमही एका सदस्येच्याच आधारवर आहे, या वेळी सचिवांच्या. गटाच्या नावाने ते सहज मिळालं नाही. पुढच्या वार्षिक सभेत सचिव बदलणार आहेत. नंबर त्यांच्याकडेच ठेवून फक्त फोन आणि पिन द्यायचा, की सिम नव्या सचिवांच्या नावावर करून घ्यायचं, यावर गटात दोन तट आहेत. तोवर पिन एका कागदावर लिहून, लखोटा बंद करून, अध्यक्ष आणि हिशेब पाहणाऱ्या वयनी या दोघींच्या सहीने बँकेच्या पासबुकासोबत ठेवला आहे.